हात न लावण्याचा मोसम

सायकलची शर्यत पायांनी जिंकतात, हे सगळ्यांना कळतं. त्या पायांवर रोज शर्यतीनंतर पाऊण तास कुणाचे तरी हात फिरलेले असतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ते हात माझे. लग्नकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" आणि मी "मालिश करतो" म्हटलं, की समोरचा जरा मागे सरकतो. म्हणून मग मी सांगायला लागलो, "सायकलपटूंच्या टीमबरोबर असतो." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे पंक्चर काढता?" बेंगळुरूच्या बसवनगुडीतले आमचे निम्मे नातेवाईक मला अजून पंक्चरवालाच समजतात. सरी, म्हणजे बरं, समजू देत.

युरोपात या कामाला 'स्वान्यर' म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ काळजी घेणारा. सकाळी पाण्याच्या पन्नास-साठ बाटल्या भरायच्या, भाताच्या वड्या कागदात गुंडाळायच्या, आणि शर्यत निघाली की गाडीने पुढे जाऊन ठरलेल्या जागी रस्त्याकडेला उभं राहायचं. हातात लांब बंदाची कापडी पिशवी, तिच्यात खाणं. सायकलपटू वेगात येतो आणि बंदातून हात घालून पिशवी ओढून नेतो. त्याचा हात लागला त्याच क्षणी आपण सोडायची. क्षणभर जास्त धरली तर त्याचा खांदा जातो, नाहीतर आपला. माझा एकदा गेलाय. संध्याकाळी मग मालिश. टेबलावर पालथा पडलेला माणूस तोंडाने काहीही सांगू दे, "मस्त वाटतंय", "आज जोर राखून चालवली", पिंढऱ्यांना खोटं बोलता येत नाही. ही विद्या माझ्या वडिलांची. त्यांची गरडी होती, म्हणजे आपल्याकडचा आखाडा. पैलवानाच्या दंडाला नुसता हात लावून ते सांगायचे, हा काल रात्री झोपलेला नाही. माझ्याही हातांना हळूहळू तेवढं कळायला लागलं. याचा मला गर्व होता. होता म्हणतो, कारण पुढे जे झालं ते त्या गर्वाचंच आहे.

कोरोना आला त्या वर्षी मी एका छोट्या व्यावसायिक टीमकडे होतो. टीव्हीवर दिसतात त्या टीमच्या दोन पायऱ्या खालची. मालक इथलाच एक कारखानदार, म्हणून हिवाळ्याच्या सरावाचा मुक्काम बेंगळुरूत. देवनहळ्ळीच्या पुढे, नंदी डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक दुमजली घर भाड्याने घेतलं होतं. हवा बरी, डोंगर जवळ. शर्यतीत गाडीतून मागे-मागे येत कुणी कधी जोर लावायचा ते सांगणारा माणूस म्हणजे डायरेक्टर. आमचा डायरेक्टर पीट. हॉलंडचा, चौसष्ट वर्षांचा, उंच, मधुमेही, आणि कमी बोलणारा. तरुणपणी तो स्वतः शर्यती करायचा.

मार्चमध्ये सगळं बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा टीममधले चौघे आपापल्या देशांत घरी गेलेले होते. ते तिकडेच अडकले. घरात उरले पीट आणि दोन सायकलपटू, इरिट्रियाचा तेस्फाय आणि आमचा संगमेश. पीटचा फोन आला, "आम्हा तिघांपैकी एकालाही अंड्यापलीकडे काही करता येत नाही. तू येशील?"

माझी बायको विमल दम्याची रुग्ण. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "एकतर इथं राहा, नाहीतर तिथं राहा. ये-जा नको. तिथं बिचारी तीन माणसं परक्या गावात आहेत. सरी, जा. पण दुपारी रोज फोन." आणि पिशवीत चटणीपुडीचा डबा आणि मेतकूट भरून दिलं. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभराच्या शर्यतींचा तक्ता लावलेला होता. पीट सकाळी कॉफी घेऊन लॅपटॉप उघडायचा, मेल वाचायचा, आणि उठून तक्त्यावर एक रेघ मारायचा. सुरुवातीला एक तिरकी रेघ, म्हणजे पुढे ढकलली. मग त्यावर दुसरी तिरकी रेघ, म्हणजे रद्द. आम्ही तिघे त्याच्या खुर्चीच्या आवाजाकडे कान लावून बसायचो. खुर्ची मागे सरकली की समजायचं, आज आणखी एक गेली. एका आठवड्यात तर तो बसलाच नाही, तक्त्यापाशी उभ्यानेच कॉफी घेतली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, शर्यत आज नाही तर उद्या. पण सायकलपटूचं शरीर तसं चालत नाही. महिनोन् महिने मोजून-मापून सराव करतात तेव्हा दोन-तीन आठवडे शरीर ऐन जोरात येतं. ते साठवून ठेवता येत नाही. कुठल्या तारखेसाठी तयार व्हायचं हेच ठाऊक नसेल, तर रोज तयार राहायला लागतं, आणि रोज तयार राहणारा माणूस आतून झिजतो. दिवाणखान्यात दोघांच्या सायकली जागच्या जागी चालवायच्या रोलरवर लावल्या होत्या. तासन् तास त्यांची घरघर चालायची, खिडकीची तावदानं थरथरायची, आणि भिंती काही हलायच्या नाहीत.

संगमेशची सर्वांत जास्त तगमग व्हायची. तो जमखंडीकडचा, वय तीस. घरी कानडी, आजोळी मराठी. सरकारी नोकरी सोडून या टीममध्ये आलेला, त्यामुळे वडील त्याच्याशी धड बोलत नव्हते. करार वर्षअखेरपर्यंत. युरोपात तो एकदाही शर्यतीत उतरला नव्हता. ते वर्ष त्याचं पहिलं ठरणार होतं. तिशीतल्या माणसाला दुसरं वर्ष कुणी देत नाही, हे तो जाणून होता आणि आम्हीही.

पीटनं पहिल्याच दिवशी एक नियम केला होता. मालिश बंद. कुणी कुणाला हात लावायचा नाही. नियम बरोबर होता, पण माझी गत काय झाली असेल विचार करा. स्वयंपाक करायचो, कपडे धुवायचो, आणि संध्याकाळी दारात उभा राहून संगमेशला सांगायचो, "अंगठा टाचेपासून वर ने. वर. दाब, पण घासू नको." तो स्वतःचीच पिंढरी दाबत बसायचा. एक दिवस वैतागून म्हणाला, "अण्णा, पाय बरं वाटायलेत, पण हात दुखायलेत. आता हाताला मालिश कोण करणार?" तेस्फाय आपल्या खोलीतून हसला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण एव्हाना सूर कळायला लागला होता.

पुढे बाहेर सायकल चालवायला परवानगी मिळाली. पहिल्याच सकाळी दोघांना नंदीच्या रस्त्यावर एका पोलिसानं अडवलं. संगमेशनं सांगितलं, रेसची तयारी आहे. पोलीस म्हणाला, "एल्लारिगू रजा, निमगे रेसा?" साऱ्या जगाला सुट्टी आणि तुम्हाला शर्यत? पण सोडलं. परत आल्यावर संगमेश ते वाक्य दिवसभर म्हणत होता. त्याला ते लागलं होतं की गंमत वाटली होती, मला कळलं नाही.

जुलैत मालिश सुरू झालं. मास्क आणि रबरी हातमोजे घालून. तेलानं हातमोजे दहा मिनिटांत चिकट होऊन फाटायला लागले, आणि ते घालून पायातलं काही कळायचंही नाही. शेवटी पीट म्हणाला, हातमोजे काढ, पण प्रत्येक पायानंतर हात साबणानं धू. माझे हात चिरले. चिरलेल्या हातांना नीलगिरीचं तेल झोंबायचं. तरी मी खूश होतो. चार महिन्यांनी पुन्हा माझ्या हाताखाली स्नायू होते.

आणि मग युरोपातलं नवं वेळापत्रक आलं. वर्षभराच्या शर्यती तीनेक महिन्यांत कोंबलेल्या. आमच्यासारख्यांना त्यात जागा मिळणं कठीण, पण पीटच्या जुन्या ओळखीनं शरद ऋतूतल्या एका पाच दिवसांच्या शर्यतीचं आमंत्रण मिळालं. मालकानं स्पष्ट कळवलं, ही एक शर्यत झाली तर पुढच्या वर्षी टीम राहील, नाहीतर नाही. उतरायला निदान पाच सायकलपटू लागणार होते. तिकडचे चौघे थेट तिथे पोहोचणार, आणि इथून दोघे. म्हणजे संगमेश आणि तेस्फाय दोघेही गळले असते तर टीम उभीच राहिली नसती. खास विमानात जागा मिळाल्या. अट एकच, निघण्याआधी चाचणी आणि घरातल्या एकालाही लागण नको.

चाचणीवाले सकाळी नऊला घरी येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी पाच वाजता संगमेश टेबलावर आला. तेस्फायचं मालिश आधीच आटोपलं होतं. मी संगमेशच्या डाव्या मांडीवर हात ठेवला आणि थांबलो.

सरावानं तापलेला पाय मी हजारदा हाताळलाय. ती ऊब आत खोल असते आणि वर कातडी ओली, गार असते. ही ऊब उलटी होती. कातडी कोरडी, कढत, आणि हात लागताच अंगभर काटा. मी हाताची पाठ त्याच्या मानेला लावली.

"संगमेश, ताप आहे तुला."

"न्हाई वो अण्णा. उन्हात हुतो."

"घसा?"

तो उठून बसला. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते. "सकाळपासनं जरा खवखवतंय. गोळी घेतलोय. उद्यापर्यंत जातंय. अण्णा, साहेबास्नी सांगू नगा."

"अरे, उद्या चाचणीत येईलच."

"आलं तर आलं. आलं न्हाई तर? एक रात्रीचा प्रश्न हाय. तुम्ही आत्ता सांगितला तर आत्ताच समदं संपतंय. माझं, तेस्फायचं, साहेबांचं, तुमचं. मी आजवर तुमच्याकडं काय मागितलंय?"

त्यानं खरंच काही मागितलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो आणि मनात हिशेब करत होतो. खाली पीट विमानात न्यायच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता, त्याच्या शिट्टीचा आवाज येत होता. त्या घरात सहा महिन्यांत त्याला शिट्टी वाजवताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हणालो, "खोलीतून बाहेर येऊ नको. जेवण मी वर आणतो. पोट बिघडलंय म्हणून सांगीन."

मला वाटलं, यात दोन्ही साधलं. संगमेशचं मनही राहिलं आणि पीटही जपला. रात्रीच्या जेवणाला आम्ही चौघे एका टेबलाला बसायचो, त्याला टेबलापासून दूर ठेवलं म्हणजे झालं. सात वाजता मी भात, सार आणि दही ताटात घेऊन वर गेलो, दाराशी ठेवलं, खाली आलो, हात धुतले आणि पीटच्या समोर जेवायला बसलो. पीटनं विचारलं, "त्याचं पोट?" मी म्हटलं, "प्रवासाची धास्ती." तो हसला. तास-दीड तास आम्ही बोलत बसलो. पहिल्या दिवशी चढ कुठे आहे, मी पिशवी घेऊन कुठे उभं राहायचं. एका माणसाला मी टेबलापासून दूर ठेवलं होतं, आणि त्याच्या मानेला हात लावून, त्याच्याशी दोन फुटांवरून बोलून आलेला मी स्वतः त्या टेबलाला बसलो होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

सकाळी संगमेशचा ताप उतरलेला होता. गोळीनं असेल. चाचणीवाल्यांनी चौघांच्या नाका-घशातून नमुने घेतले. मी स्वतःला समजावलं, आता यंत्रच काय ते सांगेल, मी कशाला बोलू? जी गोष्ट हातांनी आदल्या दिवशीच ओळखली होती, ती मी यंत्रावर सोपवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. तिघे ठीक, संगमेशला लागण. पीटनं मेल दोनदा वाचला. मग तक्त्यापाशी गेला, पण रेघ मारली नाही. "सगळे आपापल्या खोलीत," एवढंच म्हणाला. विमान गेलं. आमची जागा दुसऱ्या टीमला मिळाली.

तिसऱ्या दिवशी मी सवयीनं मालिशच्या तेलाची बाटली उघडली आणि वासच येईना. नाक बाटलीत खुपसलं तरी नाही. इतक्या वर्षांत बाटली उघडली आणि तो वास आला नाही, असं कधी झालं नव्हतं. मी खाटेवर बसलो. निकालात मी ठीक होतो, कारण चाचणी फार लवकर झाली होती. मला फक्त जेवणाचं टेबल आठवत होतं. दुपारी विमलचा फोन आला. तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा आवाज तुमच्यासाठी घाबरलेला वाटत नाही. कुणासाठी घाबरलाय?" तिलाही मी खरं सांगितलं नाही.

आणखी दोन दिवसांनी पीट खोकायला लागला. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा होता, त्यातला आकडा सकाळी नव्वदच्या खाली गेला. मी फोन करत सुटलो. जिथं लावावा तिथं एकच उत्तर, खाट नाही. फोन कानाला, आणि डोळे दाराच्या फटीतून पीटच्या छातीवर, वरखाली होतेय ना. दुपार होत आली तेव्हा कुठे एका इस्पितळात जागा मिळाली आणि अँब्युलन्स आली. पीट इतका उंच की स्ट्रेचरवर पाय बाहेर यायला लागले आणि दार लागेना. नखशिखांत झाकलेला ड्रायव्हर अजिजीनं म्हणाला, "सार, स्वल्प अड्जस्ट माडि."

पीटनं धापा टाकत मला विचारलं, "काय म्हणतोय?"

"जरा जुळवून घ्या म्हणतोय."

"या वर्षी दुसरं काय केलंय," पीट म्हणाला, आणि गुडघे पोटाशी घेतले. दार लागलं.

तो आत असतानाच ती शर्यत झाली. आम्ही तिघे आपापल्या खोल्यांतून लॅपटॉपवर पाहत होतो. पाचही दिवस, एकही मिनिट न चुकवता. तिथं पाऊस होता. रस्त्याकडेला माणसं नव्हती, आणि जी होती ती मास्क लावून लांब उभी होती. तिसऱ्या दिवशी खाण्याच्या पिशव्या देण्याची जागा दाखवली. भिंतीपलीकडून संगमेशचा आवाज आला, "अण्णा, बघितलं काय? पिवळ्या फलकापाशी तुम्ही उभं ऱ्हायला पाहिजे हुता." मी हो म्हटलं. शेवटच्या चढावर तेस्फाय आपल्या टिग्रिन्या भाषेत मोठमोठ्यानं ओरडत होता, जसा काही त्याचा तिथं कुणी भाऊच होता.

टीम संपली, हे मालकाच्या चार ओळींच्या पत्रानं कळलं. तेस्फायला पुढच्या वर्षी दुसरी टीम मिळाली. संगमेश गावाकडे गेला. आता तिकडच्या एका शाळेत मुलामुलींना सायकल शिकवतो, दिवाळीला फोन करतो, वडील बोलायला लागल्याचं सांगतो. त्या संध्याकाळबद्दल आम्ही कधीच बोललेलो नाही. त्याला मी दोष देत नाही. तो सायकलपटू होता, शर्यत मागणं त्याचं काम. नाही म्हणणं माझं काम होतं. काळजी घेणारा, असाच त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे ना.

पीट तीन आठवड्यांनी इस्पितळातून परतला. काठी घेऊन. जिना चढता येईना म्हणून आम्ही त्याची खाट खाली आणली. मायदेशी जाणाऱ्या विमानाच्या दिवशी सकाळी मी पेट्या बांधत होतो, तेव्हा तो म्हणाला, "मालिशचं टेबल अजून उघडं आहे का?"

इतक्या वर्षांत त्यानं मला एकदाही पाय दिले नव्हते. मालिश शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी असतं, म्हणायचा. मी त्याला आधार देऊन टेबलावर झोपवलं. त्या पायांनी कधीकाळी डोंगर चढले होते. आता पिंढरीची कातडी मुठीत येत होती आणि आत धरायला काही लागत नव्हतं. उजव्या पायाला तेल लावलं. माझ्या नाकाला तेलाचा वास पुन्हा जेमतेम यायला लागला होता. काही वेळानं मी म्हणालो, "पीट, चाचणीच्या आदल्या संध्याकाळी संगमेशला ताप होता. मला कळलं होतं. तुला सांगितलं नाही. नंतर तुझ्यासमोर जेवायला बसलो."

तो पालथा पडलेला होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

"मी जिन्याखालून पाहिलं होतं," तो म्हणाला. "तू ताट दाराबाहेर ठेवून आलास. पोट बिघडलेल्या माणसाला ताट खोलीत नेऊन देतात."

माझे हात थांबले. "मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही."

बाहेर टॅक्सीवाला येऊन हॉर्न वाजवत होता. पीट उठला नाही. मी हात धुऊन आलो, पुन्हा तेल घेतलं आणि त्याचा डावा पाय हातात घेतला.